एकाच फटक्याचा सामना

बेसबॉलमध्ये धावा आटतात त्या बहुधा पिचरमुळे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूमुळे. आणि 9 सप्टेंबर 1965 रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये डॉजर्स व शिकागो कब्ज यांच्या पिचरांनी असा काही कस लावला की, दोन्ही संघांना मिळून एकच ‘हिट’, म्हणजे स्वबळावर बेस मिळवून देणारा फटका, साधला. निर्णायक धावेचा तर त्या फटक्याशी संबंधही नव्हता: पाचव्या डावात डॉजर्सच्या लू जॉन्सनला चार चेंडू वैध टप्प्याबाहेर पडल्याने पहिला बेस मिळाला, सहकाऱ्याने स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्यावर पोहोचवले आणि तिसऱ्याकडे तो धावला तेव्हा कब्जच्या कॅचरची फेक चुकल्याने तो थेट होम बेसवर पोहोचला. डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स याने मात्र समोर आलेल्या 27 फलंदाजांपैकी एकालाही बेस गाठू दिला नाही (यालाच ‘परफेक्ट गेम’ म्हणतात). त्यांतले 14 जण तीन स्ट्राइक पडून बाद झाले, त्यात अखेरचे सलग सहा. तरीही एकच हिट देऊन 1-0 असा हरलेला कब्जचा पिचर बॉब हेंडली तितक्याच आदरास पात्र आहे. पाचच दिवसांनी शिकागोत त्याने कोफॅक्सवर 2-1 अशी मात केली.