ई-पत्रसंचयाची राखीव प्रत
व्यक्तिगत संगणकावरील टपाल-आज्ञावलीत साठलेल्या ई-पत्रांची, मूळ साठ्यास अपाय झाल्यास ती पुन्हा मिळविता यावीत या हेतूने, अन्यत्र ठेवलेली पूर्ण व वाचनक्षम नक्कल. व्यवहारात ती ‘बॅकअप’ या नावानेच ओळखली जाते. पत्रांचा मजकूर, त्यांचे शीर्षलेख (पाठविणारा, स्वीकारणारा, दिनांक, वेळ व पत्राचा प्रवासमार्ग यांची नोंद), जोडपत्रे, पत्तेवही आणि कप्प्यांची रचना या सर्वांचा तीत समावेश असावा लागतो. केवळ मजकूर उतरवून घेतला किंवा पत्र कागदावर छापून ठेवले, तर त्यास या अर्थाने राखीव प्रत म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तिच्या एका प्रकारच्या खात्यात ग्राहक आपली पत्रे निगमाच्याच संगणकावर वाचीत असे. दुसऱ्या प्रकारात ती स्वतःच्या संगणकावर उतरवून घेता येत. जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होई आणि तिचा आकार वेळेनुसार पडे. साहजिकच जोडणी करावी, आलेली पत्रे उतरवून घ्यावी, जोडणी तोडावी आणि मग ती सावकाश वाचावी, अशी रीत पडली. ‘युडोरा’ (१९८८), विंडोजबरोबर मिळणारी ‘आउटलुक एक्सप्रेस’ आणि नंतरची ‘थंडरबर्ड’ (२००४) या आज्ञावल्या या रीतीस सोयीच्या होत्या. त्या काळी प्रचलित असलेल्या ‘पॉप’ या संकेतानुसार पत्र ग्राहकाकडे पोहोचले, की सेवा पुरविणाऱ्याच्या संगणकावरून ते बहुधा पुसले जाई. परिणामी पत्राची जगातील एकमेव प्रत ग्राहकाच्या टेबलावरील संगणकात राही.

मुंबईच्या उत्तरेस लागून असलेल्या मीरा-भाईंदरसारख्या उपनगरात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. ठाणे जिल्ह्यातील या शहरात १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. दूरध्वनीचा संकेतांक मात्र मुंबईचाच (०२२) आहे. भाईंदर पूर्वेस स्टेनलेस स्टीलची भांडी व इतर माल तयार करणाऱ्या लहान उद्योगांचे गाळे आहेत. अशा उद्योगात मागणीपत्रे, दरपत्रके, मालाच्या तक्रारी व पैशाचे तगादे हे सर्व ई-पत्रांतून चालते आणि स्वतंत्र संगणकविभाग नसल्याने ते बहुधा एकाच संगणकात साठते. वसईची खाडी व मिठागरे यांच्यालगतची येथील जमीन सखल असून पावसाळ्यात पाणी साचते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावरील गाळ्यात असे पाणी शिरले, तर संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली राखीव प्रत ही दोन्ही एकदमच जातात. प्रत वेगळ्या वास्तूत असावी, हा नियम म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा व व्यवहारात सर्वांत दुर्लक्षित होय.

संचयाचे स्वरूप : पत्रे कोणत्या फाइलींत साठतात, यावर प्रत घेण्याची पद्धत अवलंबून असते. थंडरबर्ड एका कप्प्यातील सर्व पत्रे सामान्यतः ‘एमबॉक्स’ नावाच्या एकाच साध्या मजकूर-फाइलीत एकापुढे एक लिहिते. पुसलेले पत्र तीतून लगेच जात नाही. त्यावर केवळ खूण केली जाते आणि फाइलीचे संकोचन केल्यावरच ते नाहीसे होते. आउटलुक एक्सप्रेस प्रत्येक कप्प्यासाठी स्वतंत्र ‘डीबीएक्स’ फाइल ठेवीत असे. ‘आउटलुक’ मात्र पत्रे, पत्ते व दिनदर्शिका यांची एकच ‘पीएसटी’ फाइल करते. २००२ पर्यंतच्या तिच्या आवृत्त्यांत या फाइलीस २ गिगाबाइटची मर्यादा होती व ती ओलांडल्यास फाइल बिघडे. २००३ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा वाढविण्यात आली. जोडपत्रे टपालातून पाठविताना मजकूर-चिन्हांत रूपांतरित केली जातात व त्यामुळे त्यांचा आकार सु. एक-तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे छायाचित्रे व आराखडे पाठविणाऱ्यांचा संचय अपेक्षेहून लवकर फुगतो.

यांतील बहुतेक फाइली विंडोजच्या लपविलेल्या कप्प्यांत असतात. संगणक नव्याने सिद्ध करण्यापूर्वी दुरुस्ती करणारा ‘माय डॉक्युमेंट्स’मधील सर्व काही उतरवून घेई आणि पत्रे मात्र पुसली जात, असे घडण्याचे कारण हेच. प्रत घेताना आज्ञावली पूर्णपणे बंद करून तिचा संपूर्ण व्यक्तिगत कप्पा उचलावा. चालू स्थितीत घेतलेली नक्कल अर्धवट लिहिलेल्या फाइलीची असू शकते. प्रत घेतल्यानंतर ती दुसऱ्या संगणकावर उघडून काही जुनी पत्रे व त्यांची जोडपत्रे वाचून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबणे योग्य नव्हे.

मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये आखलेल्या ‘आयमॅप’ संकेतात पत्रे दूरच्या संगणकावरच राहतात व घरच्या संगणकात त्यांचे प्रतिबिंब ठेवले जाते. ही राखीव प्रत आहे, हा समज सार्वत्रिक असला तरी तो चुकीचा आहे. एका ठिकाणी पुसलेले पत्र पुढील जुळणीच्या वेळी दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. प्रतिबिंब चूकही तितक्याच इमानाने उतरवते. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस जीमेलच्या सु. ०·०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या आज्ञावलीतील दोषामुळे रिकाम्या झाल्या. गूगलने निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या नकलांनाही त्या दोषाची झळ लागली. पत्रे परत मिळाली ती जाळ्याशी न जोडलेल्या चुंबकीय फितींवरून. शिवाय दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती काढून टाकण्याचे धोरण त्या कंपनीने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले असल्याने मृत व्यक्तीचा पत्रव्यवहार केवळ दूरच्या संगणकावर सुरक्षित राहील, असे धरून चालता येत नाही.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेख नंतर पाहता येईल अशा रीतीने, मूळ वा तंतोतंत स्वरूपात आणि त्याचे उगमस्थान, गंतव्यस्थान, दिनांक व वेळ यांच्या तपशिलासह जतन झालेला असावा लागतो. शीर्षलेखांचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या प्रकरणात वाद चित्रफितींच्या नकलांचा होता. तथापि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय ई-पत्रांनाही लागू पडतो. मूळ संगणकच न्यायालयात हजर केला, तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. नक्कल सादर करावयाची असल्यास ते अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलीचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलीतील सर्व अंकांवरून गणिताने काढलेला ठसा असून एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. प्रत घेतेवेळीच तो नोंदवून ठेवल्यास पुढे ती अबाधित असल्याचे दाखविता येते.

मराठी पत्रांचा प्रश्न : फाइल शाबूत राहूनही पत्र वाचता न येणे, ही अडचण मराठी पत्रव्यवहारात विशेष जाणवते. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला होता. परंतु विंडोजमध्ये तिची सोय २००० च्या आवृत्तीपासून झाली आणि प्रत्यक्ष वापर त्यानंतरही अनेक वर्षे रखडला. तोपर्यंत श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम इ. आज्ञावल्यांच्या टंकांतून मराठी लिहिली जाई. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी अक्षरांचे अवयव बसविलेले असत व प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असे. तो टंक संगणकावर नसेल, तर पत्राच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग दिसते. त्यातही टंकाचे नाव पत्राच्या सजावटीच्या संकेतांत नोंदलेले असते. पत्र साध्या मजकुराच्या रूपात जतन केल्यास ते नाव गळते आणि कोणत्या मांडणीनुसार वाचावयाचे याचा एकमेव पुरावा नष्ट होतो. टंकाचे नाव ठाऊक असल्यास रूपांतरक आज्ञावलीच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व इकार यांच्या जागी चुका राहतात व त्या वाचून दुरुस्त कराव्या लागतात. यासाठी मूळ फाइल टंकासह तशीच ठेवून रूपांतरित मजकूर तिच्याशेजारी स्वतंत्र फाइलीत ठेवतात.