काँक्रीटचा कळप

न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइडला स्टीफन वाइज टॉवर्स ही सरकारी घरांची वसाहत आहे. तिच्या आवारात १९६४ मध्ये १८ घोडे उभे राहिले. बुटके, जाड पायांचे, लहान मूल टांग टाकून बसेल एवढ्याच उंचीचे. केस, स्नायू, भाव अशा तपशिलात शिल्पकार शिरलेच नाहीत. तरी हा घोडाच, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

हे शिल्पकार म्हणजे कॉस्तान्तिनो निव्होला. जन्म १९११, सार्डिनिया बेटावरच्या ओरानी गावी, गवंड्याच्या घरात. पोरवयात त्यांनीही गवंडीकामच केलं. पुढे टाइपरायटरवाल्या ओलिवेत्ती कंपनीत जाहिरातींची कला सांभाळली. पण पत्नी रूथ ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये दोघांना मुसोलिनीची इटली सोडावी लागली.

अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर मुलांसोबत वाळूत खेळताना त्यांना ओतकामाची युक्ती सापडली. ओल्या वाळूत आकार उलटा कोरायचा, त्यात प्लास्टर किंवा सिमेंट ओतायचं आणि घट्ट झालं की उचलून घ्यायचं. वाळूचे कण पृष्ठभागाला चिकटून राहतात, म्हणून तो खरखरीत, दगडासारखा दिसतो. चंडीगडमुळे आपल्या ओळखीचे झालेले ल कॉर्बुझिए हे त्यांचे मित्र. त्यांनी १९५० मध्ये निव्होलांच्या घराच्या भिंतींवर चित्रं काढली, आणि वाळूतलं ओतकामही करून पाहिलं.

वाळूचा साचा मात्र एकदाच कामाला येतो. कळप हवा तर साचा पुन्हापुन्हा वापरता यायला हवा, आणि तिथे पातळ कान किंवा मोकळी शेपटी परवडत नाही. साच्यातून काढतानाच ती तुटते. तिथून वाचली तर पोरं तोडतात! त्यामुळे अशा प्राण्यांचं अमूर्त रूप म्हणजे निव्वळ आधुनिकतेची हौस म्हणता येत नाही. त्यात साच्याची आणि पोरांच्या दांडगाईचीही सोय आहे.

२०२१ मध्ये वसाहतीच्या दुरुस्तीवेळी कंत्राटदाराच्या माणसांनी हे घोडे पायांतून तोडून काढले. कलाप्रेमींनी ओरड केली, मग जपणुकीची चक्रं फिरली. तुटलेला पाय नव्याने ओतणं फारसं अवघड नसतं. साठ वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या जुन्या काँक्रीटच्या रंगाशी जुळणारी वाळू आणि सिमेंट शोधणं, यातच खरा वेळ जातो.