पाऱ्याची निवड आणि ग्रामसभेचा ठराव

रायपूर : छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 ला जन्मलं आणि 2002 मध्ये इथे मितानिन कार्यक्रम सुरू झाला. अट साधी होती. आरोग्याचं काम करणारी बाई त्याच पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली हवी आणि तिला पाऱ्यानेच निवडायला हवं. गावात जितके पारे, तितक्या मितानिनी. निवडीआधी कलाजत्थे गावोगाव फिरले, बैठका झाल्या, मगच नावं ठरली. प्रशिक्षणाचा भार रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्राने उचलला.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या कामात खेड्यातल्या बायकांच्या हाती आरोग्य सोपवलं, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. छत्तीसगडने तोच विश्वास सरकारी पातळीवर, अख्ख्या राज्यात टाकला. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांची कल्पना आकाराला आली, तेव्हा हा अनुभव समोर होता.

आज मितानिनींची संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे. ताप, जुलाब, बाळंतिणीची देखभाल ही कामं त्या करतातच. रेशन किंवा अंगणवाडी अडली तरी पारा त्यांच्याकडेच येतो. मानधनासाठी मात्र त्यांना राजधानीत पुन्हा पुन्हा धरणं धरावं लागलं आहे. लोकसहभागाचा गौरव करणाऱ्या राज्याला हे शोभत नाही.

पण लोकांवरच्या या विश्वासाची खरी कसोटी जंगलात आहे, कारण तिथे जमिनीखाली कोळसा आहे.

ऑक्टोबर 2021 मध्ये उत्तर छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातले आदिवासी सुमारे 300 किलोमीटर चालत रायपूरला आले. तिथल्या परसा कोळसा खाणीसाठी दाखवलेली ग्रामसभांची संमती बनावट आहे, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी राज्यपालांची आणि मुख्यमंत्र्यांची भेट घेतली. ते परतल्यावर आठवडाभरातच, 21 ऑक्टोबरला, केंद्राने परसाला वनमंजुरी दिली. जुलै 2022 मध्ये विधानसभेने हसदेवमधले खाणपट्टे रद्द करण्याच्या मागणीचा ठराव एकमताने केला. पुढच्याच महिन्यात, मूळ कायद्यानंतर 26 वर्षांनी, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे राज्याचे नियम लागू झाले.

पाऱ्याला आरोग्यसेविका निवडण्याची जाण आहे हे ज्या राज्याने मान्य केलं, त्याने त्याच लोकांच्या जंगलाबाबतच्या नकाराची बूज राखायला हवी होती. उलट, ऑक्टोबर 2024 मध्ये परसा क्षेत्रात पोलीस बंदोबस्तात झाडं तोडायला सुरुवात झाली. झटापटीत ग्रामस्थ जखमी झाले आणि पोलीसही.