पत्रा उडाला, परवानगी कुणाची?

जत, आटपाडी, माण, खटाव या भागात वळीव येतो तेव्हा पावसाआधी वारा येतो. पत्र्यावर दगड ठेवून भागेल, ही आशा तेवढ्यात उडून जाते. पत्रा सहसा मधोमध फाटत नाही. हूकच्या भोकापाशी तो सुटतो, पागोळीकडून वारा आत शिरतो आणि पानंच्या पानं उचलली जातात. पाटण-जावळीकडे हेच काम जुलैची झड करते, तर कृष्णाकाठी पूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर दोन सल्ले हमखास मिळतात. ‘परवानगी येईपर्यंत कशाला हात लावू नको’ हा पहिला आणि ‘दुरुस्तीच आहे, आता स्लॅबच टाकून घे’ हा दुसरा. पहिला ऐकून माणूस भिजतो, दुसरा ऐकून पुढे अडकतो.

‘परवानगीशिवाय पत्रा बसवायचा नाही’

असं काही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चं कलम 43 घराच्या देखभालीची कामं परवानगीतून वगळतं. काम आतल्या आत असावं किंवा त्यानं बाहेरचं रूप फारसं बदलू नये, एवढीच अट. फुटलेली कौलं बदलणं, पत्र्याच्या जागी पत्रा, गिलावा, फरशी, नळ, वायरिंग यांसाठी कुणाच्या दारात जायला नको. वारसा यादीतल्या वास्तूंना मात्र ही सवलत नाही. जुना वाडा असेल तर आधी तेवढं विचारून घ्यावं. आणि ताडपत्री टाकायला कुठलाही कायदा आड येत नाही. फक्त ती टाकण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, भरपाईच्या वेळी ते कामी येतात.

‘डागडुजी म्हटली की सगळं चालतं’

खरी गोची इथं आहे. माळवदाची माती काढून तिथं स्लॅब, दगड-मातीची भार पेलणारी भिंत पाडून तिथं कॉलम, दोन खणांचे तीन खण, ‘आता उघडंच आहे तर’ वर एक खोली... यातलं काहीही दुरुस्तीत बसत नाही. गवंडी त्याला दुरुस्ती म्हणेल, घरमालक म्हणेल, पालिकेचा अभियंता म्हणणार नाही. गावात तरी कोण विचारतं, असंही ऐकू येतं. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 52 नव्यानं बांधण्याला जसं लागू आहे, तसं पुन्हा बांधण्यालाही आहे. विनापरवाना काम निघालं तर नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली ते काढून टाकायची नोटीस येऊ शकते.

गंमत म्हणजे ज्या कागदाला लोक इतके घाबरतात, तो आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यानुसार 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक तंत्रज्ञाच्या सहीचा, नियमात बसणारा नकाशा आणि मालकीची कागदपत्रं देऊन शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरली जाते. 300 चौरस मीटरपर्यंत 10 दिवसांची मुदत आहे. गावाकडची बहुतेक घरं याच मापात येतात.

‘पंचनामा झाला, म्हणजे सरकारनं मान्य केलं’

पंचनामा महसूल खात्याचा. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, घर कच्चं की पक्कं आणि पडझड किती टक्के, एवढंच लिहून नेतात. ते भरपाईपुरतं. जुलै 2021 च्या महापुरानंतर राज्यानं पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्म्या पडझडीला 50 हजार, चतुर्थांशाला 25 हजार आणि किमान 15 टक्क्यांना 15 हजार रुपये जाहीर केले होते. पंधरा हजारांत किती पत्रे येतात याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा, पण घर कसं बांधायचं याची मंजुरी त्या कागदात नसते. घरपट्टीच्या पावतीचंही तसंच. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही.

‘पुरात पडलं तिथंच, होतं तसं बांधायचं’

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तिथं 45 फूट आहे. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या आणि पाणी उतरल्यावर बसल्या. अशा ठिकाणी आधी जलसंपदा विभागाची पूररेषा बघावी लागते. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं नवं घर नाही. मूळचं अधिकृत घर पुन्हा बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट वर घेऊन. निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यातही जोत्याची अट हीच. थोडक्यात, ‘होतं तसं’ बांधायची मुभाच नाही. जोतं उचललं की दुरुस्तीची सवलत संपली.

‘धोकादायक म्हणून नोटीस आहे, तीच परवानगी’

नोटीस सांगते ती घर उतरवायला किंवा दुरुस्त करायला. त्या जागी काय उभं राहणार, याचा नकाशा वेगळा. भाडेकरूंसाठी एक गोष्ट: भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार दुरुस्ती घरमालकाचं काम. 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्यानं केली नाही, तर भाडेकरू ती करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करू शकतो.

अर्ज कुठं द्यायचा, यातही लोक चुकतात. साताऱ्याची हद्द 2020 मध्ये वाढली. शाहूपुरी, विलासपूरकडच्यांना आता ग्रामपंचायत नाही, नगरपालिका. सांगली, मिरज, कुपवाडला एकच महापालिका. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. वर सांगितलेली नियमावली तिथं चालत नाही, त्यामुळे साताऱ्याच्या भाच्यानं केलं तसं तिथल्या मामानं करू नये.

अर्जाला 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, हे खरं आहे. पण नकाशा नियमात बसत असेल तरच, आणि अर्ज दिल्याची तारीख दाखवता आली तरच. म्हणून टेबलावर अर्ज ठेवून परत फिरू नका. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेऊनच बाहेर पडा.