एका दिवसाची वाट : पन्हाळा, रंकाळा आणि खिद्रापूर

व्यापारी कुटुंबाला सुट्टी मिळते ती बेताचीच. पेढी बंद ठेवायची तर सणवार पाहावे लागतात, गिऱ्हाइकाची सोय पाहावी लागते आणि घरातील वडीलधाऱ्यांची प्रकृतीही पाहावी लागते. वर्षातून एकदा दूरच्या तीर्थाची यात्रा घडते. परंतु उंबरठ्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर असलेला इतिहास बहुधा ‘पुढच्या वेळी’वरच राहतो. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी आणि जयसिंगपूर परिसरातील कुटुंबांसाठी अशा दोन वाटा सहज साध्य आहेत. एक पश्चिमेकडे, पन्हाळगडाची. दुसरी पूर्वेकडे, कृष्णाकाठच्या खिद्रापूरची. दोन्ही एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. प्रत्येकीला एक पूर्ण दिवस द्यावा.

कोल्हापूरपासून पन्हाळा सुमारे २० किलोमीटर. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड बांधला. याच भोजाच्या राज्यात, आजच्या आजरा गावी, सोमदेव या जैन पंडिताने इ.स. १२०५ मध्ये ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला. गडकोट उभारणारा राजा आणि जिनालयात बसून शब्दांचा विचार करणारा पंडित एकाच काळात, एकाच राज्यात नांदत होते, हे मुलांना गड दाखवताना आवर्जून सांगावे.

गडावर तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंधारबाव ही स्थळे सर्वज्ञात आहेत. धान्याच्या व्यापाऱ्याचे पाऊल मात्र सर्वांत अधिक रेंगाळते ते अंबरखान्यापाशी. गंगा, यमुना, सरस्वती अशी या कोठारांची नावे. त्यांतील गंगाकोठी सर्वांत मोठी. तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगितले जाते. बाहेरच्या पायऱ्यांनी वर जायचे आणि छताला ठेवलेल्या छिद्रांतून धान्य आत ओतायचे, अशी तिची रचना. इ.स. १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला चार महिने वेढा दिला आणि जुलैच्या एका पावसाळी रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांच्या बलिदानाची ती रात्र प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. पण त्याआधीचे चार महिने गड कशावर तगला, याचे उत्तर या जाड भिंतींच्या आत आहे. साठवण ही केवळ नफ्याची बाब नसते, ती संकटकाळातील आधार असते, हा धडा व्यापारी घरातील मुलाला येथे न शिकवता उमगतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली; त्यांत पन्हाळाही आहे.

परतीच्या वाटेवर दिवस कलण्याआधी रंकाळ्याचा काठ गाठावा. पश्चिमेकडील पाण्यावर संध्याप्रकाश उतरतो, तेव्हा शालिनी पॅलेसची इमारत विशेष शोभून दिसते. काठावरची भेळ कांदा-बटाटा वगळून करून देण्यास विक्रेते सहसा नाही म्हणत नाहीत. परंतु ज्यांना चौविहाराचा नियम आहे त्यांनी घरचा डबा आणि गाळलेले पाणी सोबत ठेवून सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावे. नियमामुळे सहल अडत नाही, उलट दिवसाला शिस्त येते.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात कुंभोज येथील बाहुबली क्षेत्राने करावी. संगमरवरातील २८ फूट उंचीची बाहुबली भगवंतांची कायोत्सर्ग मूर्ती सकाळच्या उन्हात पाहण्यासारखी आहे. तेथून पुढे शिरोळ तालुक्यातून, नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम पाहून खिद्रापूरला जाता येते.

खिद्रापूर हे लहानसे गाव. तेथील कोपेश्वर मंदिर शिलाहारकालीन असून देवगिरीच्या यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकातील शिलालेखही तेथे आहे. मंदिरापुढील स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याच्या मध्यभागी छताऐवजी आकाशाकडे उघडणारे वर्तुळ आहे. त्याखाली उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते. अनेक प्रवासी एवढेच पाहून परततात. गावातच आदिनाथांचे प्राचीन जिनमंदिरही आहे; शैव आणि जैन शिल्पकलेचा असा शेजार एकाच गावात पाहायला मिळणे हे भाग्य मानावे.

या साऱ्या वैभवामागे राजांचीच सत्ता होती असे नाही. शके १०५८ च्या, म्हणजे इ.स. ११३५-३६ च्या सुमाराच्या, कोल्हापुरातील एका शिलालेखात वेगळी नोंद आहे. शिलाहार राजा गंडरादित्याचा सामंत निंबदेव याच्या धर्मकार्यासाठी निरनिराळ्या पेठांतील व्यापारी एकत्र जमले आणि आपापल्या मालावरील ठरावीक वाटा त्यांनी बसदीस लावून दिला. वहीत खर्ची पडलेली ती रक्कम केव्हाच विसरली गेली. दगडावरची नोंद साडेआठशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

आज त्याच समाजाची मुले याच दगडांवर खिळ्याने आपली नावे कोरताना दिसली, तर तो दोष केवळ मुलांचा नसतो. पूर्वजांनी दगडावर आपले दान कोरले होते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. एका दिवसाच्या सहलीत आजोबांनी नातवाला एवढे सांगितले तरी पुरे.

पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो, गडावर धुके दाटते आणि चातुर्मासात अनावश्यक प्रवास टाळण्याचा संकेतही आहे. म्हणून दिवाळीनंतरचे, चातुर्मास सरल्यावरचे महिने या वाटांसाठी उत्तम. पहाटे निघावे, दोनच ठिकाणे पाहावीत, पण नीट पाहावीत. आणि सोबत आणलेला कचरा सोबतच परत न्यावा.