टमी टकनंतर सूज एकाच बाजूला?

पुण्या-मुंबईत पोटाची शस्त्रक्रिया करून बुलडाण्याकडे परतलेल्या महिला दोन-तीन आठवड्यांनी आमच्या ओपीडीत येतात. ‘डॉक्टर, उजवी बाजू बसली, डावी अजून फुगलेलीच. काही बिघडलं का?’ शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सात-आठ तासांच्या अंतरावर आणि घरात प्रत्येकाचा सल्ला वेगळा, त्यामुळे घाबरणे साहजिक आहे.

बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. ‘टमी टक’मध्ये बाळंतपणानंतर किंवा वजन घटल्यावर लोंबणारी कातडी व चरबी काढतात, सैल स्नायू टाके घालून जवळ आणतात. त्यासाठी पोटावरची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवावी लागते. त्यात शरीरातले जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसीकावाहिन्या तुटतात. नव्या वाटा तयार होईपर्यंत पाणी साचते, विशेषतः टाक्यांच्या रेषेच्या वर. दोन्ही बाजू एकाच वेगाने भरून येत नाहीत. एकाच कुशीवर झोपणे, पट्टा वेडावाकडा बसणे यानेही फरक पडतो. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त अशी ही मऊ सूज बरीचशी सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. उरलेली जायला सहा महिने, क्वचित वर्षही लागते.

आपल्याकडे एक चूक मात्र होते, ती म्हणजे शेक. बाळंतिणीला शेक देण्याची सवय, म्हणून याही पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवतात. शस्त्रक्रियेत संवेदना नेणारे मज्जातंतूही कापले जातात. बेंबीखालची कातडी काही महिने बधिर राहते, त्यामुळे चटका कळत नाही. फोड आल्यावरच लक्षात येते. शेक नको, मनाने मालिशही नको. पाण्याचे हंडे उचलणे साधारण सहा आठवडे बंद. पापड-लोणचे कमी करा आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पट्टा वापरा.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र थांबू नका :

• पहिल्या दोन दिवसांत एक बाजू झपाट्याने फुगून ताठरणे, ठणकणे : आत रक्तस्राव असू शकतो.

• नळी काढल्यावर एका जागी फुगवटा येऊन दाबताच पाण्याच्या पिशवीसारखा हलणे : हा ‘सेरोमा’. मोठा असेल तर डॉक्टर सुईने पाणी काढतात, कधी एकापेक्षा जास्त वेळा.

• लाली, गरमपणा, ताप, पू : जंतुसंसर्ग.

• एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे. अचानक धाप किंवा छातीत दुखणे : रक्ताची गुठळी असू शकते. धाप लागली तर लगेच 108 ला फोन करा.

गुठळीचा धोका तासन्‌तास बसून राहिल्याने वाढतो. म्हणून सुटी मिळताच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने खामगाव-मेहकर गाठू नका. प्रवास कधी करायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा. ते पाहिले की जवळच्या सरकारी दवाखान्यातही तपासणी सोपी होते.

आणि रोज आरशात दोन्ही बाजू मोजत बसू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच जागी उभे राहून फोटो काढा. महिन्याचे चार फोटो शेजारी ठेवले की सूज उतरते आहे की वाढते आहे, ते तुम्हालाच दिसेल.