जग्वार ई-टाइप : एका आकाराची चौदा वर्षे

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात जग्वार कंपनीने १९६१ ते १९७४ या काळात ई-टाइप नावाची जी स्पोर्ट्स कार बनवली, तिच्या सुमारे ७२,५०० गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. त्यांतील पहिली आणि शेवटची गाडी शेजारी शेजारी उभी केली, तर दोघींचे नाते लांबलचक बोनेटवरून आणि मागे उतरत जाणाऱ्या रेषेवरून तत्काळ ओळखू येते. पण इंजिन, लांबी, चेहरा, वजन आणि मुख्य म्हणजे गाडीचा हेतू या सगळ्यांत मधल्या काळात इतका फरक पडलेला दिसतो, की दोघींना एकाच नावाने संबोधणे काहीसे धाडसाचे वाटावे. हा फरक कोणा एका आराखडाकाराच्या लहरीने पडलेला नाही. शर्यतीच्या मैदानासाठी गणिताने ठरवलेला एक आकार रोजच्या वापराच्या रस्त्यावर आला आणि मग त्यात बसणारी माणसे, त्यातली उष्णता, खरेदीदार देशाचे कायदे आणि कंपनीच्या गरजा यांनी तो आकार थोडा थोडा ओढून घेतला, असा हा क्रम आहे.

ई-टाइपचे मूळ ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आहे. फ्रान्समधील ही शर्यत जग्वारने १९५१ आणि १९५३ मध्ये सी-टाइप या गाडीने, तर १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे डी-टाइपने जिंकली. डी-टाइपचा मधला भाग मोनोकॉक पद्धतीचा होता, म्हणजे वेगळा सांगाडा आणि त्यावर चढवलेला पत्रा अशी रचना न करता पत्र्याचीच बंदिस्त पेटी भार पेलेल अशी योजना त्यात होती. विमानांच्या बांधणीतून आलेली ही कल्पना गाडी हलकी आणि तरीही ताठ ठेवते. शर्यतीची ही गाडी रस्त्यायोग्य करून विकण्याचा प्रयत्न एक्स-के-एस-एस या नावाने झाला, पण १२ फेब्रुवारी १९५७ रोजी कॉव्हेंट्रीतील ब्राऊन्स लेन येथील कारखान्याला लागलेल्या आगीत त्यांपैकी नऊ गाड्या जळाल्या आणि अवघ्या सोळा गाड्यांनंतर तो उपक्रम थांबला. त्याच वर्षी ई-टाइपचा पहिला प्रायोगिक नमुना आकार घेऊ लागला होता.

हा आकार माल्कम सेयर यांचा. ब्रिस्टल विमान कंपनीतून जग्वारमध्ये आलेल्या सेयर यांना स्वतःला शैलीकार म्हणवून घेणे रुचत नसे; आपण वायुगतिकीचे, म्हणजे हवेतून जाणाऱ्या वस्तूवर हवा कसा जोर लावते या शास्त्राचे काम करतो, अशी त्यांची भूमिका होती. पत्र्याची प्रत्येक वक्ररेषा ते लॉगॅरिथमच्या कोष्टकांच्या आणि गणनपट्टीच्या आधारे बिंदूबिंदूने काढत. ई-टाइपच्या अंगावर एकही रेषा अडखळत नाही याचे कारण या गणिती शिस्तीत आहे, आणि पुढे त्या आकारात जेव्हा जेव्हा बदल करावा लागला तेव्हा तो लगेच डोळ्यांत का भरला, याचेही कारण तेच आहे. गणिताने बांधलेल्या वक्ररेषेतला एक तुकडा ताणला, की शेजारच्या तुकड्यांशी त्याचा मेळ सुटतो.

पत्र्याखालची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली होती. प्रवासी बसतात तो मधला भाग मोनोकॉकचा, आणि त्याच्या पुढच्या भिंतीला बोल्टने जोडलेली चौकोनी पोलादी नळ्यांची चौकट. इंजिन आणि पुढची चाके या चौकटीवर पेललेली. मागच्या चाकांसाठी बॉब नाइट यांच्या देखरेखीखाली तयार झालेले स्वतंत्र सस्पेन्शन होते, ज्यात एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोचत नाही, आणि हा सगळा जुडगा एका पोलादी पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा रबरी आधारांवर टांगल्यामुळे रस्त्याची खडखड आत येत नसे. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. ज्या काळात महागड्या इटालियन गाड्यांच्या मागे अजून अखंड आसाचे जुने सस्पेन्शन होते, त्या काळात कर धरून सुमारे २१०० पौंडांना मिळणाऱ्या गाडीत हे सारे असावे, ही या गाडीच्या रूपापेक्षाही मोठी गोष्ट मानायला हवी. तोलामोलाच्या अॅस्टन मार्टिनची किंमत जवळपास दुप्पट होती.

१५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हा येथे गाडी प्रथम दाखवण्यात आली, तेव्हा ती चालवून पाहण्यासाठी पत्रकारांची इतकी झुंबड उडाली, की कंपनीचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांनी चाचणी-चालक नॉर्मन डुइस यांना दुसरी, उघड्या टपाची गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात घेऊन येण्याचा निरोप धाडला आणि डुइस यांनी ती सकाळी वेळेवर पोचवली. ब्रिटिश नियतकालिकांच्या चाचण्यांत बंद टपाच्या गाडीने ताशी १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर वेग गाठला. त्या चाचण्यांची गाडी खास काळजीने तयार केलेली होती आणि सामान्य ग्राहकाच्या गाडीला हा आकडा सहसा साधत नसे, हे नमूद करायला हवे; तथापि त्या एका आकड्याने गाडीची कीर्ती जगभर पोचवली.

पहिल्या गाड्यांतले इंजिन ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे होते. एक्स-के नावाच्या या इंजिनाची आखणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली होती आणि १९४८ पासून ते जग्वारच्या गाड्यांत होते, म्हणजे नव्या गाडीच्या पोटात एक अनुभवी इंजिन होते. त्याची घोषित शक्ती २६५ अश्वशक्ती होती. बाकी गाडी मात्र घाईत बाजारात आल्याच्या खुणा बाळगून होती. अगदी सुरुवातीच्या सुमारे पाचशे गाड्यांचे बोनेट बाहेरच्या बाजूने खास किल्लीने उघडावे लागे. तळ सपाट असल्यामुळे उंच चालकाचे गुडघे अवघडत, म्हणून १९६२ मध्ये पायांसाठी तळात खोलगट जागा करण्यात आली. आसने पातळ होती, आणि गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. सिंक्रोमेश म्हणजे गिअर गुंतण्यापूर्वी दोन दातेरी चाकांचा वेग जुळवून आणणारी योजना. ती नसली की चालत्या गाडीत पहिला गिअर टाकणे कौशल्याचे काम होऊन बसते.

या तक्रारींचे खरे उत्तर १९६४ च्या ऑक्टोबरात आलेल्या ४.२ लिटरच्या गाडीने दिले. इंजिनाच्या ठोकळ्याची लांबी तीच ठेवून सिलिंडरांची आतली मांडणी बदलण्यात आली आणि त्यांचा व्यास ८७ वरून ९२ मिलिमीटरवर नेण्यात आला. कागदावर शक्ती पूर्वीइतकीच राहिली, पण चाके फिरवणारा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, सुमारे ९ टक्क्यांनी वाढला, आणि शहरातल्या कमी वेगात वा घाटाच्या चढावर चालकाला जाणवतो तो हाच पीळ. सोबत चारही गिअरांना सिंक्रोमेश असलेला नवा गिअरबॉक्स, अधिक भरवशाचे ब्रेक, डायनॅमोऐवजी आल्टरनेटर आणि बसण्याजोगी आसने आली. बाहेरून जवळपास काहीच न बदलता आतून गाडी पूर्णत्वाला नेणारा हा बदल होता, आणि १९६४ ते १९६७ दरम्यानची ४.२ लिटरची ई-टाइप हीच या मालिकेतील सर्वांत समतोल गाडी ठरते. त्यापूर्वीच्या गाड्या मूळ आकाराच्या जवळच्या आहेत, नंतरच्या अधिक आरामाच्या आहेत, पण दोन्ही गुण एकत्र फक्त याच काळात सापडतात.

आकाराला पहिला खरा धक्का १९६६ मध्ये टू-प्लस-टू या रूपाने बसला. पुढे दोन मोठी आणि मागे मुलांपुरती दोन छोटी आसने, अशी ही रचना कुटुंबवत्सल ग्राहकासाठी होती. त्यासाठी पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३ सेंटिमीटरने वाढवून सुमारे २६७ सेंटिमीटर करण्यात आला आणि टप उंच करावा लागला. स्वयंचलित गिअरबॉक्सची सोयही या रूपात प्रथम मिळाली. गाडी उपयुक्त झाली आणि तिला ग्राहकही लाभले, पण उभ्या काचेपासून मागच्या टोकापर्यंत वाहणारी ती रेषा मध्येच फुगली. दुसऱ्या मालिकेत काचेचा पाया पुढे सरकवून ती अधिक कलती करण्यात आली, यावरून आपले काय बिघडले याची कारखान्यालाही जाणीव होती असे दिसते.

गाडीचा चेहरा मात्र बदलला तो अमेरिकेमुळे. जग्वारच्या स्पोर्ट्स गाड्यांची मोठी बाजारपेठ तिथेच होती, आणि अमेरिकेने १९६६ मध्ये केलेल्या वाहन-सुरक्षा कायद्याखालची मानके १ जानेवारी १९६८ पासून लागू होणार होती. हेडलाइटवरचे, बोनेटच्या वळणात मिसळून गेलेले काचेचे आवरण या मानकांत बसणारे नव्हते. त्यामुळे १९६७ च्या उत्तरार्धात ते निघाले, आणि मग डॅशबोर्डवरचे टोकदार खटके जाऊन त्यांच्या जागी दाबायची सपाट बटणे आली, चाक घट्ट करणाऱ्या मधल्या नटाचे बाहेर आलेले कान छाटले गेले. या संक्रमणकाळातल्या गाड्यांना संग्राहक ‘दीड क्रमांकाची मालिका’ म्हणतात. १९६८ मध्ये अधिकृत दुसरी मालिका आली तेव्हा मागचे दिवे मोठे होऊन बंपरच्या खाली गेले, बंपर जाड झाले आणि पुढचे, हवा आत घेणारे तोंड रुंदावले. त्यामागे दोन विजेचे पंखे बसवल्यामुळे गर्दीत इंजिन तापण्याचा जुना दोष बराच आटोक्यात आला. शेवटच्या या बदलाचे श्रेय कायद्याला नाही, अभियंत्यांना द्यायला हवे.

कायद्याची दुसरी बाजू धुराची होती. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांतील तीन एस-यू कार्बोरेटर काढून धूर कमी करणारे दोन स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर बसवावे लागले आणि घोषित शक्ती २६५ वरून २४६ वर उतरली. स्वच्छ हवा आणि सुरक्षित प्रवास ही उद्दिष्टे निर्विवाद योग्य होती, आणि टोकदार खटके व चाकांवरचे कान अपघातात खरोखर इजा करू शकत. तरीही सेयर यांच्या वक्ररेषेचा सर्वांत नाजूक भाग असलेली ती काचेची झाकणे गेली, ही हानी गाडीला पुढे कधीच भरून काढता आली नाही.

घटलेली शक्ती परत मिळवण्याचा मार्ग म्हणून १९७१ च्या मार्चमध्ये तिसऱ्या मालिकेत बारा सिलिंडरांचे इंजिन आले. सहा-सहा सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या जोडलेल्या असल्यामुळे त्याला व्ही-ट्वेल्व्ह म्हणतात. त्याचा उगम १९६६ च्या एक्स-जे-१३ या शर्यतीच्या प्रयोगगाडीत होता, पण तिथले गुंतागुंतीचे इंजिन बाजूला ठेवून वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांनी प्रत्येक रांगेवर एकच कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा एकच दांडा, असलेले साधे आणि नितळ इंजिन घडवले. ५३४३ सी.सी.चे हे इंजिन अॅल्युमिनियमचे असल्यामुळे जुन्या लोखंडी सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा फारसे जड नव्हते. त्याची शक्ती २७२ अश्वशक्ती सांगितली गेली, आणि इथे तुलनेत सावध राहायला हवे. जुना २६५ चा आकडा इंजिन एकटेच, जोडसाधनांशिवाय तपासून काढलेला होता, तर नवा आकडा प्रत्यक्ष गाडीत असते तशा अवस्थेत मोजलेला होता, म्हणून खरी वाढ या दोन आकड्यांतील फरकापेक्षा कितीतरी मोठी होती.

या इंजिनाबरोबर छोटा व्हीलबेस संपला. उघड्या टपाची गाडीही आता लांब चौकटीवर बांधली जाऊ लागली आणि दोन आसनांचे मूळ बंद रूप बंदच झाले. चाकांवरचा पत्रा बाहेर फुगवून रुंद टायर बसवले गेले, पुढच्या तोंडाला जाळी आली, स्टिअरिंगला शक्तीचे साहाय्य मिळाले. पहिल्या मालिकेतली सव्वाबाराशे किलोची गाडी आता दीड हजार किलोच्या आसपास पोचली. कमाल वेग १९६१ च्या त्या गाजलेल्या आकड्यापेक्षा किंचित कमीच राहिला आणि एका लिटरमध्ये गाडी जेमतेम पाच किलोमीटर जाई. म्हणून अनेक रसिक तिसऱ्या मालिकेला ऱ्हासाची खूण मानतात. हा निवाडा अन्यायाचा आहे. लांबच्या प्रवासाला आवाज न करता, न थकवता नेणारी गाडी म्हणून ती आपल्या काळात फार थोड्यांना गाठता येणारी होती. फक्त ती शर्यतीची मुलगी उरली नव्हती.

या नव्या रूपाला दीर्घायुष्य मात्र लाभणार नव्हते. सेयर १९७० मध्ये निवर्तले आणि लायन्स १९७२ मध्ये निवृत्त झाले. १९६८ पासून जग्वार ही ब्रिटिश लेलँड या अवाढव्य आणि अडचणीतल्या समूहाचा भाग झाली होती. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलसंकट उद्भवल्यावर बारा सिलिंडरांच्या गाडीचे ग्राहक रोडावले, आणि अमेरिकी नियमांपायी १९७४ च्या निर्यात गाड्यांच्या बंपरांवर रबराचे जाड ठोकळे बसवण्याची वेळ आली. त्याच वर्षी उत्पादन थांबले. अखेरच्या पन्नास गाड्यांपैकी एकोणपन्नास काळ्या रंगाच्या होत्या. अगदी शेवटची कंपनीने स्वतःकडे ठेवली. १९७५ मध्ये आलेल्या एक्स-जे-एस या वारसदार गाडीचा आराखडा सेयर यांनीच सुरू केला होता, पण उलटलेल्या गाडीसंबंधी अमेरिका कडक नियम करील या भीतीने तिला सुरुवातीला उघडा टपच देण्यात आला नाही.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये एक निळी उघड्या टपाची ई-टाइप आपल्या कायम संग्रहात घेतली, तीही पहिल्याच मालिकेतली. २००८ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने लँड रोव्हरसह जग्वार विकत घेतल्यावर या इतिहासाची मालकी महाराष्ट्रात आली, आणि त्या मालकीच्या काळातच ई-टाइपचे एक अपुरे राहिलेले काम पुरे झाले. १९६३ मध्ये शर्यतीसाठी अॅल्युमिनियमच्या अंगाची, सुमारे ११४ किलो हलकी अशी ई-टाइप योजली होती. अठरा क्रमांक राखून ठेवले गेले, पण बाराच गाड्या बनल्या. उरलेल्या सहा गाड्या २०१४ पासून ब्राऊन्स लेनच्या त्याच परिसरात बांधल्या गेल्या. त्यासाठी एका जुन्या गाडीचा पत्रा आतून-बाहेरून संगणकाने मोजून घेतला गेला, म्हणजे सेयर यांनी कोष्टकांतून काढलेले बिंदू अभियंत्यांनी पन्नास वर्षांनी यंत्राच्या मदतीने उलटे शोधून काढले. या सहाही गाड्यांच्या हेडलाइटवर आवरणे आहेत.